टोपलीखालचा पंजा

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "भेडाघाट पाहिला का?" नाही पाहिला. धबधबा पाहिला नाही, संगमरवराच्या कड्यांमधून नावेत बसले नाही. सात दिवस होते आणि त्यातले निम्मे एका उपड्या टोपलीच्या नादात गेले. ज्यांना धबधब्याचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं, पुष्कळ मिळतील. टोपलीचं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण ते खरं आहे आणि फुकट मिळालेलं नाही. दुसरी होईल ती माझी भाची प्रांजली, घरात पिंकी. जबलपूरच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय माझाच, प्राणिशास्त्र. गुरुवारी तिचा फोन आला.

"मावशी, तीन हफ्ते झाले, मी घरीच आहे. गावात तेंदुआ आला म्हणतात. कॉलेज बंद केलं माझं. नेक्स्ट फ्रायडेला प्रॅक्टिकल आहे. तू ये ना."

तेंदुआ म्हणजे आपला बिबट्या. मी विचारलं, "तू पाहिला?"

"नाही."

"मग कोणी पाहिला?"

"सगळ्यांनी."

हे "सगळ्यांनी" ऐकून माझं डोकं फिरलं. मी रजा टाकली.

शनिवार, मदन महल

मदन महल स्टेशनावर उतरले तेव्हा धुकं एवढं होतं की टेकडीवरचा किल्ला तर सोडाच, समोरची चहाची टपरी वासावरून शोधावी लागली. इथे पोह्यांबरोबर जिलेबी खातात. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात, नाकातून पाणी येईपर्यंत. पोटात सकाळीच एवढं गोड गेलं तर माणसाला कसली घाई राहणार, असं मला त्या आठवड्यात बऱ्याचदा वाटलं.

ऑटोवाल्याला महुआटोला सांगितलं. त्याने चालू केलेलं इंजिन बंद केलं.

"उधर नहीं जाऊँगा मैडम. उधर चीता घूम रहा है."

"तुमने देखा?"

"मैंने नहीं, मेरे साढ़ू ने देखा. इतना बड़ा." हात छातीपर्यंत गेला.

"साढ़ू रहते कहाँ हैं?"

"नागपुर."

मी नागपूरवरूनच आले होते. दुसऱ्याने नुसतंच डोकं हलवलं. तिसरा फाट्यापर्यंत यायला तयार झाला आणि मला, माझ्या बॅगेला आणि लाडवांच्या डब्याला डांबरी रस्त्यावर उतरवून असा वळला, की जणू बिबट्याने त्याचा नंबर लिहून घेतला होता.

फाट्यापासून गाव अडीच किलोमीटर. एका बाजूला मटारची शेतं, दुसऱ्या बाजूला काळ्या दगडांची टेकडी. इथले दगड बघण्यासारखे आहेत. हत्तीएवढे गोल धोंडे एकावर एक असे बसलेत की फुंकर मारली तर पडतील असं वाटतं, आणि पडत नाहीत. मधून सागाची आणि पळसाची झाडं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. खरं सांगते, भीती वाटली नाही. मी चिडलेली होते आणि चिडलेल्या माणसाला भीती सुचत नाही.

शोभाताई दारातच होती. माझी मोठी बहीण. लग्न होऊन इकडे आली त्याला पंचवीस वर्षं झाली, पण बोली अजून माहेरचीच.

"एकटी आली? पायी? अवं बाई, तुले काही समजते का?"

"तूही मी आल्या आल्या तेच? पाणी दे आधी."

भाऊजी रिछाईच्या कारखान्यात लेथवर आहेत. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून कामाला आले आणि इथलेच झाले. भाऊजींनी गावाबाहेर थोडी जमीन घेतली, तीत हिवाळ्यात मटार. माणूस मेहनती, मनाने वाईट नाही, पण एकदा बोलले की तो निकाल. पहिल्या पाळीला पहाटे मोटारसायकलवर निघतात, म्हणून पिंकीला फाट्यावर सोडणं त्यांना जमत नाही. या टोल्यातून, म्हणजे वाडीतून, कॉलेजात जाणारी मुलगी ती एकटीच. सोबत कोणी नाही.

जेवायला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा होता. मी पहिला घास घेतला आणि विषय काढला.

"वनिता, तू पाहुणी आहेस, आराम कर," भाऊजी म्हणाले. "पिंकीचं आम्ही पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले भाऊजी? तीन आठवडे पोरगी घरात."

"अच्छा. मग पाठवू? काही झालं तर तू येशील उचलायला?"

पिंकी ताटात बघत होती. ताईने माझ्या ताटात आणखी एक पातोडी टाकली. ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही, आणि मला भाऊजींपेक्षा तिचाच राग जास्त आला.

रविवार, महुआटोला

मी वही काढली. मुलांना प्रयोगाची वही लिहायला लावते तशी रकाने आखून काढली: कोणी पाहिला, कुठे, किती वाजता, केवढा, रंग कोणता. आणि गावात निघाले. पिंकी मागून.

शेजारच्या दुलारीकाकींची बकरी पहिली गेली. त्यांनी गक्कड आणि वांग्याचं भरीत खायला घातलं. गक्कड म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवून देतात. आमच्या रोडग्याचाच चुलतभाऊ. खाऊन झाल्यावर मी विचारलं, "काकी, तेंदुए को बकरी ले जाते देखा?"

"देखा नहीं बेटा, पर और कौन ले जाएगा?"

तेवढ्यात मागच्या गोठ्यातून बकरी ओरडली.

"ये कौन सी बकरी?"

"वही. चौथे दिन लौट आई."

बकरी परत आली, पण बिबट्या कोणी परत घेतला नाही. तो गावाच्या नावे तसाच राहिला.

पुढे एकाने वासराएवढा पाहिला होता. मी मनात हसले आणि लिहून घेतलं. एकाने काळा कुळकुळीत. एकाने दोन पिल्लांसह, पण पिल्लं पाहिली ती त्याच्या बायकोने आणि बायको माहेरी होती. एका तरण्याबांड माणसाने मोबाइलवर चित्रफीतच दाखवली. आपल्याच वाटेवरची, कालचीच. बिबट्या रस्ता ओलांडत होता, खरा बिबट्या, आणि त्याच्या मागे नारळाच्या झाडांची रांग.

"भैया, महुआटोला में नारियल के पेड़ कहाँ हैं?"

त्याने मोबाइल जवळ नेऊन पाहिलं. "अँधेरे में ठीक से दिखता नहीं, मैडम."

शेवटी गावाचे पंडाजी, म्हणजे देवाधर्माचं बघणारे म्हातारे. ते म्हणाले, हे साधं जनावर नाही, बाघदेव आहे, गावाच्या शिवेवर त्याचं ठाणं आहे, तो जमिनीला पाय लावत नाही.

"तो खेत में पंजा किसका है?"

त्यांनी जरा विचार केला. "वहाँ लगाया था."

हो, पंजा होता. हीच काय ती दिवसभरातली कामाची गोष्ट. ताईच्याच शेताच्या बांधावर, ओल्या मातीत, आठ दिवसांपूर्वी एक ठसा सापडला होता. वनखात्याच्या नाकेदाराला फोन गेला. इकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. त्याने सांगितलं, त्यावर टोपली उपडी घाला, कोणी हात लावू नका, मी येऊन माप घेतो. त्याप्रमाणे बांबूची टोपली उपडी घातली होती, वर दगड. आजूबाजूला उदबत्तीच्या काड्या, दोन नारळ, एक लाल कापड. मी टोपली उचलायला वाकले तर चार जण ओरडले.

"हाथ मत लगाइए! नाकेदार साहब ने मना किया है."

आणि मला बरं वाटलं! अख्ख्या गावात निदान एक गोष्ट शास्त्राला धरून चालली आहे, पुरावा जपून ठेवलाय, असं वाटून मी मागे सरले. नारळ आणि उदबत्त्या बाहेर होत्या, त्याने काय बिघडतंय? मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली. आज आठवलं की स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

सोमवार, कॉलेज आणि सदर

भाऊजी पाळीला गेल्यावर मी पिंकीला घेऊन निघाले. ताई अडवायला आली नाही. आम्ही वळणाआड होईपर्यंत दारात उभी होती, एवढंच.

कॉलेजच्या कार्यालयातल्या बाबूंनी पिंकीची हजेरी पाहिली आणि चष्मा काढला.

"तेंदुआ? पिछले साल किसी को डेंगू हुआ था, उसके पिछले साल नानी मर गई थी. चलो, इस साल तेंदुआ सही."

विभागप्रमुख बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, मला तिला बसवायचंय, पण हजेरी कमी पडते. कारण खरं असेल तर वनविभागाकडून लेखी आणा, की त्या वाटेवर बिबट्याचा वावर आहे. गुरुवारपर्यंत आणलं तर शुक्रवारी प्रॅक्टिकलला बसेल, नाहीतर वर्ष गेलं.

"मिल जाएगा," मी छाती पुढे काढून सांगितलं. "पंजे का निशान हमने सँभालकर रखा है."

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वर्ध्याहून आले ते बिबट्या नाही हे सिद्ध करायला, म्हणजे घरचे पिंकीला कॉलेजात सोडतील. आता बिबट्या आहे हे सिद्ध करायचं होतं, म्हणजे कॉलेज तिला परीक्षेला बसू देईल. आणि ते सिद्ध झालं की घरचे तिला सोडणार नाहीत. पिंकीने हे माझ्या आधीच ओळखलं होतं.

"मावशी, म्हणजे दोन्हीकडून मीच अटकली ना?"

तिला सदरला, छावणीतल्या बाजारात नेऊन खव्याची जिलेबी खाऊ घातली. काळपट, जाड, गुलाबजामाला वेटोळं घातल्यासारखी. आमच्याकडे कोणी जिलेबीत खवा घालेल तर लोक वेड्यात काढतील, पण चीज आहे. पिंकीने दोन खाल्ल्या. पोरगी तीन आठवड्यांनी बाजार बघत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या फौजींच्या बायकांच्या स्वेटरांवरून टीका करत होती, हसत होती.

मंगळवार, टोपलीखाली

नाकेदार साहेब दुपारी आले. तरुण माणूस, दमलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. सोबत माप घ्यायची पट्टी आणि ठसा गिरवून घ्यायची काच. निम्मा गाव बांधावर जमला. त्याने दगड काढला आणि टोपली उचलली.

खाली शेंदूर होता. ठशाच्या खोलगटात तुपात कालवलेला शेंदूर ओतून गच्च भरला होता, वर तांदूळ, वर एक फूल. चार बोटं, टाच, नखं, काहीच कळत नव्हतं. एक लालभडक गोळा.

नाकेदाराने काच खाली ठेवली. "इसमें मैं क्या नापूँ?"

पंडाजींनी हात जोडले.

"हाथ लगाने को मना किया था न?"

"हाथ किसी ने नहीं लगाया साहब," मागून एक जण म्हणाला. "ऊपर से डाला है."

मी नाकेदाराला सगळं सांगितलं, कॉलेज, पत्र, शुक्रवार. तो म्हणाला, मॅडम, ठसा नाही, विष्ठा नाही, शिकार नाही, फोटो नाही. एकच रस्ता. स्वतः पाहिलेले दोन साक्षीदार द्या, मी पंचनामा करतो, रेंज ऑफिस पत्र देईल. मात्र फाट्यावर सावधानतेचा फलकही लागेल.

मी वळून म्हणाले, "चलिए, किस-किस ने देखा है?"

बांध बघता बघता रिकामा झाला. एकाला पाणी द्यायचं होतं, एकाला दवाखान्यात जायचं होतं, नारळाच्या चित्रफितीवाला मोबाइल कानाला लावून चालता झाला. कारण साधं होतं. मटारची तोडणी ऐन भरात होती, मजूर पलीकडच्या गावातून येतात. सरकारी फलक लागला की एक मजूर फिरकणार नाही. बिबट्या तोंडाने सांगायला सगळे तयार, कागदावर लिहायला कोणी नाही.

ताई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिथेच आदळआपट केली. "कोण मूर्ख आहे तो? आठ दिवस जपलेला पुरावा! पोरीचं वर्ष गेलं ना त्या शेंदरात!"

"मीच टाकला," ताई म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मी टाकला ना. पहिल्याच दिवशी. देवा, माह्या पोरीच्या वाटेतून जा म्हटलं. मले काय माहीत, त्यात माप असते."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अडाणी हा शब्द वापरला. स्वतःच्या बहिणीला. ताईने भाकरी उलटली, एवढंच. पिंकीच मला म्हणाली, "मावशी, बस."

बुधवार

एकच उपाय उरला होता, विभागप्रमुख बाईंचे पाय धरायचे. सकाळी आठच्या सुमाराला मी आणि पिंकी निघालो. धुकं विरत होतं, मटारावर दंव चमकत होतं. मी तिला बाईंशी काय बोलायचं ते पढवत होते. टेकडीच्या वळणावर तिने माझा दंड धरला.

"मावशी, पळू नको."

वाटेपासून पंधरा-वीस पावलांवर एका धोंड्यावर तो बसला होता. उन्हात. पुढचा पंजा चाटत होता, घरातलं मांजर चाटतं तसाच, बोटं फाकवून. अंगावरचे ठिपके उन्हात एवढे स्वच्छ होते की चिकटवल्यासारखे वाटत होते. डावा कान मधून चिरलेला. त्याने चाटणं थांबवून आमच्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर आलेल्या माणसाकडे कारकून बघतो ना, तसं. मग पुन्हा पंजा चाटायला लागला.

मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. पिंकी हळू आवाजात बोलत होती. "त्याच्याकडे बघत मागे सर. पाठ नको दाखवू. हळू." चाळीसेक पावलं आम्ही अशी उलटी चाललो. तो उठला, आळस दिला आणि धोंड्याच्या पलीकडे उतरला. आवाज काही नाही.

घरी पोचले तेव्हा माझ्या पायात चप्पल एकच होती. ताई अंगणात होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

"दिसला?"

मी मान हलवली.

"डावा कान फाटला आहे?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. वहीची चार पानं भरली होती, त्यात कानाबद्दल एका माणसाने शब्द काढला नव्हता.

"तू पाहिला? कधी?"

"बकरी हरवायच्या आधीच. मटाराले पाणी देऊन राहिली होती. बांधावर आला, पाणी पिला, गेला. मी कोणालेच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर यांनी त्याच दिवशी पोरीचं दप्तर माळ्यावर टाकलं असतं. म्हटलं, देवाले सांगते, तो जाईल. मंग या गावानं न पाहताच बोंब मारली."

ज्यांनी पाहिला नव्हता ते सगळे तीन आठवडे बोलत होते, आणि जिने पाहिला होता ती गप्प होती. मी बसले तिथेच, ओट्यावर.

दुपारी नाकेदार पुन्हा आला. पंचनामा लिहायला घेतला आणि मला विचारलं, "कितना बड़ा था?"

मी तोंड उघडलं. वर्गात मी मुलांना सांगते, निरीक्षण म्हणजे आकडा. आकडाच सुचेना.

"कुत्ते से बड़ा?"

"हाँ."

"बछड़े जितना?"

"...हाँ. बछड़े जितना." पिंकी खोकली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी सही केली. पत्र पिंकीसाठीच होतं, म्हणून तिची सही चालणार नव्हती; दुसरी सही ताईची. ती पदराला हात पुसत होती तोच भाऊजी पाळीवरून आले. कागद पाहून त्यांना सगळं समजलं.

"शोभा, सही नको करू. उद्या एक मजूर येणार नाही. माल शेतात वाळेल."

"आपण तोडू."

"आपण? किती तोडशील?"

"जेवढा होईल तेवढा."

"आणि पोरगी? आता तर लिहून देऊन राहिलीस की जनावर आहे. आता कशी पाठवशील? बोल ना!"

ताईने पेन घेतला. "आहे तर आहे. मी जाईन संगं. फाट्यापर्यंत रोज मी जाईन आणि रोज आणीन. तो काही या वाटेनं माह्यापेक्षा जास्त फिरत नाही." आणि तिने सही केली. शो, भा, आणि पूर्ण आडनाव, एकेक अक्षर थांबून. नाकेदार पेन परत मागायचं विसरला.

भाऊजी आत गेले. जाता जाता मला म्हणाले, "चलो. झालं तुझ्या मनासारखं."

गुरुवार

मी रेंज ऑफिसातून पत्र घेऊन कॉलेजात नेऊन दिलं. बाबूंनी ते दोनदा वाचलं, दिव्यासमोर धरलं, शिक्का तपासला. "अरे, सचमुच का निकला!" एवढंच म्हणाले.

परत आले तर फाट्यावर फलक ठोकत होते. एकही मजूर आला नव्हता. भाऊजींनी रजा टाकली होती आणि एकटे वाकून तोडत होते. मी पदर खोचून त्यांच्या शेजारच्या ओळीत बसले. मटार तोडणं दिसतं तेवढं सोपं नाही. वेल ओढला की मुळासकट येतो आणि दंवाने बोटं बधिर होतात. तासाभराने भाऊजींनी माझी टोपली पाहिली.

"अर्ध्या कच्च्या तोडल्यास."

त्या दिवसातलं त्यांचं माझ्याशी एवढंच बोलणं. अर्धा माल शेतातच राहिला. दुलारीकाकींनी बांधावरून जाताना ऐकवलं, "पढ़ी-लिखी बहन बुलाई, पूरे गाँव की मटर सुखा दी." मी मान खाली घालून तोडत राहिले, कारण मटार त्यांचाही वाळत होता. हे लिहून होईतो भाऊजींचा फोन आलेला नाही आणि मी केला तर ते ताईकडे देतात.

शुक्रवार

सकाळी ताई तयार होऊन उभी. चांगलं लुगडं, पायात पिंकीचे जुने बूट, एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्यात पळी. अंगण सोडताच तिने थाळी बडवायला सुरुवात केली.

"आई, प्लीज. लोग हँसेंगे."

"हसू दे. त्याले ऐकू गेलं पाहिजे."

अडीच किलोमीटर ती पुढे थाळी बडवत, मधे पिंकी जर्नल छातीशी धरून, मागे मी. वळणावरचा धोंडा रिकामा होता. फाट्यावरचे ऑटोवाले उठून उभे राहिले. मी ताईला म्हटलं, झालं, आता परत जा. ती ऑटोत बसली.

"तू कुठे?"

"एवढी आली तर कॉलेजही पाहते. दोन वर्षं झाली, गेट नाही पाहिलं मी."

गेटवरच्या पहारेकऱ्याने थाळी आणि पळी बाहेर ठेवायला लावली. बाबूंनी यादीत पिंकीचं नाव शोधलं, खूण केली, म्हणाले, "जाओ बेटा, जल्दी." ती प्रयोगशाळेत गेली. दार बंद झालं.

मी व्हरांड्यातला बाक दाखवला. "बस. तीन तास आहेत."

ताई बसली नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेली, टाचा उंचावल्या आणि गजांना धरून आत पाहायला लागली. आत पिंकी टेबलाशी उभी होती. पांढरा कोट, केस मागे बांधलेले, एका बरणीवर वाकून काहीतरी लिहीत होती.

"खिडकीत नको उभी राहू, ओरडतील."

"दोन वर्षं झाली, हा कोट मी धुऊन राहिली," ती आत बघतच म्हणाली. "तिच्या अंगात आज पाहिला."

मी आणखी दोनदा बसायला सांगितलं. मग सांगणं सोडून दिलं.